मागच्याची भूक

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने एकतीस वर्षं शववाहिका चालवली. मी त्यांना भाऊजी म्हणते. बाकी सगळे त्यांना 'सावकाश' म्हणतात, कारण त्यांनी आयुष्यात चाळीसच्या वर काटा नेला नाही. नेऊन करायचंय काय, मागच्याला कुठे घाई असते, असं ते म्हणायचे. हा त्यांचा एकुलता एक विनोद. मी तो दोनशे वेळा तरी ऐकला असेल, आणि दर वेळी हसले, कारण हसलं नाही तर ते पुन्हा सांगायचे.

मी कपडे शिवते. माणूस समोर आला की मला आधी त्याचं माप दिसतं, स्वभाव मागाहून. भाऊजी उंच, खांद्याला अरुंद, हात मात्र लांब. ताई गेल्यावर दहा महिन्यांत त्यांचा शर्ट दोन इंच सैल झाला. तो आत घेऊन दे म्हणून सांगायचीही त्यांना लाज वाटली. मीच एक दिवस दोरीवरून काढून आणला.

धंद्याचे त्यांचे दोन नियम होते. पहिला, वळण आलं की मागच्याला सांगायचं. "डावीकडे वळतोय हं." "पुढे खड्डा आहे, सांभाळा." मागे लहान मूल असो की नव्वदीचा म्हातारा, सगळ्यांना अहो-जाहो. सांगून झालं की ते क्षणभर थांबायचे, समोरच्याने हुंकार द्यावा म्हणून आपण थांबतो तसे. ताई म्हणायची, "हे रात्री कूस बदलतानाही सांगतात, उजवीकडे वळतोय हं!"

दुसरा नियम, मागे माणूस असेल तोवर पुढच्याने तोंड हलवायचं नाही. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात गाडी चालवता चालवता त्यांनी एक केळं खाल्लं. मागे आपल्या मुलाच्या देहाशेजारी बसलेली एक म्हातारी मधल्या काचेतून नुसती बघत राहिली. ती काही बोलली नाही. पण त्या दिवसानंतर प्रवास बारा तासांचा असला तरी भाऊजींनी त्या गाडीत पाण्याच्या घोटापलीकडे काही घेतलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी तीच जुनी गाडी विकत घेतली. स्ट्रेचर सरकवायच्या लोखंडी पट्ट्या अजून तिच्या तळाला आहेत. "दुसरी घ्या की हो," मी म्हटलं होतं. "हिची सवय आहे," म्हणाले. सवयीपुढे शहाणपण चालत नाही.

आता नवाबाबद्दल. नवाब म्हणजे ताईचा कुत्रा. ताईने तो रस्त्यावरून उचलून आणला तेव्हा मूठभर होता आणि अंगभर खाजवत होता. कान रक्ताळलेले, पोट कायम बिघडलेलं. जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं, याला काहीतरी खाण्यातलं सोसत नाही, एकेक पदार्थ देऊन बघा. ताईने आठ महिने बघितलं. चिकन दिलं की खाज, दूध दिलं की जुलाब, गव्हाचं काहीही दिलं की पोटावर लाल चट्टे. शेवटी उरलं काय, तर भात, उकडलेला लाल भोपळा आणि चमचाभर तेल. मीठ नाही. तेही दर चार तासांनी थोडं थोडं, कारण पोट रिकामं राहिलं की हा पिवळं पाणी ओकायचा. नाव नवाब आणि खाणं आजाऱ्याचं. वर आणखी एक नखरा, हा एकटा जेवायचा नाही. ताई त्याच्याशेजारी फरशीवर बसून तोच अळणी भात आधी स्वतः खायची, मग तो खायचा. "जावयाचे एवढे लाड करणार नाही मी," असं तीच म्हणायची आणि पुढचा घास घ्यायची. ती गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं.

ताई गेली ती पोटाच्या ऑपरेशनमध्ये. त्याआधी तीन दिवस तिच्या पलंगाला पाटी लावली होती, तोंडाने काहीही द्यायचं नाही. ऑपरेशन आज, मग उद्या, मग परवा, असं पुढे जात राहिलं आणि पाटी तशीच राहिली. सलाईन चालू होतं, पण सलाईनने भूक जात नाही. ताई भाऊजींकडे मागायची. दोन घास द्या, कोणाला कळणार नाही, म्हणायची. भाऊजी नियमाचे. ते तिचा हात धरून बसायचे आणि मान हलवायचे.

मी नियमाची नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजी औषध आणायला खाली गेले. माझ्या पिशवीत नवाबसाठी भरलेला डबा होता, तिथून त्याच्याकडेच जायचं होतं. मी ताईला त्यातले तीन चमचे दिले. तिने डोळे मिटून खाल्ले आणि म्हणाली, "अजून एक." मी घाबरले. डब्याचं झाकण लावलं आणि पदराने तिचं तोंड पुसलं. सकाळी नर्सने विचारलं, काही खाल्लं का? ताई नाही म्हणाली, मीही नाही म्हणाले. त्याच दिवशी तिला आत नेलं आणि ती परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयाने साथ दिली नाही. असेलही तसं. मी कोणाला विचारलं नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं. तेव्हापासून कुठल्याही डब्याला झाकण लावलं की मला ते ऐकू येतं, अजून एक. आवाज हुबेहूब तिचा असतो, पडसं झाल्यासारखा, थोडा बसलेला.

ताईची लेक दोन दिवसांच्या रस्त्यावर राहते. तिने फोनवर हातापाया पडून सांगितलं होतं, मी येईपर्यंत थांबा. भाऊजी थांबले नाहीत. स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या हाताने ताईला घेऊन गेले. पोरगी पोहोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. तिने बापाशी बोलणं टाकलं. भाऊजींनी खुलासा केला नाही. त्यांना खुलासा करता येत नाही, त्यांच्या गाडीत कोणी कधी मागितलाच नव्हता.

दहा महिन्यांनी तिने मला फोन केला. "मावशी, नवाब मला हवाय. विमानात त्याला सोसणार नाही, बाबांना गाडीने आणायला सांग." मी म्हटलं, तूच सांग. ती म्हणाली, "तूच सांग त्यांना. आईला तर उपाशी पाठवली. तिचा कुत्रा तरी मला धड आणून द्या. त्याला काही झालं तर पुन्हा माझ्या दारात येऊ नका म्हणावं." मी हे निरोपाचं ओझं जसंच्या तसं भाऊजींपुढे ठेवलं.  मग म्हणाले, "तू चल बरोबर. मला त्याचं खाणं कळत नाही."

आदल्या दिवशी मी आठ डबे भरले. प्रत्येकावर वेळ लिहिली, दहा, दोन, सहा. बर्फाच्या पेटीत ठेवले. आठ झाकणं लावताना आठ वेळा जे ऐकायचं ते ऐकलं. सकाळी सहाला निघालो. भाऊजींनी मागे ताईची गोधडी अंथरली आणि नवाबला तिच्यावर ठेवलं. मी म्हटलं, "पुढे माझ्या पायाशी बसू दे की." ते म्हणाले, "नको, जागा मागेच असते." मला गाडी लागते, म्हणून मी उलटीची गोळी घेतली होती. पेटी पायाशी ठेवली आणि सांगितलं, "दहाला थांबायचं. मी झोपले तर उठवा."

"हो," म्हणाले. गाडी निघाली. "उजवीकडे वळतोय हं," आणि मग ती क्षणभराची शांतता. माझ्या मानेवर काटा आला. इतकी वर्षं तो नियम मला चेष्टेचा विषय वाटत होता. त्या दिवशी काचेपलीकडे ताईची गोधडी होती, आणि मला वाटलं, आता हुंकार आला तर मी दार उघडून उडी मारीन.

गोळीने मला कधी झोप लागली ते कळलं नाही. जाग आली तेव्हा ऊन डोक्यावरून कललं होतं. घड्याळात अडीच वाजले होते. गाडी चाळीसच्या चालीने चालली होती.

"थांबलात का कुठे?"

"नाही."

"नवाबला दिलं का काही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी गाडी कडेला घेतली. मी धावत जाऊन मागचं दार उघडलं. गोधडीवर पिवळ्या पाण्याची दोन-तीन थारोळी होती आणि नवाब कोपऱ्यात मान टाकून पडला होता. शेपूटही हलवलं नाही. 

मग मी जे तोंड सोडलं ते सोडलं. "आठ तास! तुम्हाला काही वाटतं का? डबे काय आरास करायला आणलेत? पोरीला काय तोंड दाखवणार आहात?" भाऊजी दाराला धरून उभे होते.

"माझ्या ध्यानातच आलं नाही," ते म्हणाले. "मागच्याला भूक लागते, हे ध्यानात आलं नाही."

यावर भांडायलाही जागा नव्हती. एकतीस वर्षं ज्यांच्या मागे कोणाला भूक लागली नाही, त्यांच्याकडून दुसरं काय होणार? तरी मी सोडलं नाही. "अहो पण कण्हला असेल ना तो! आवाज नाही आला?"

"आला."

"मग?"

ते दाराच्या कडीशी बोलावं तसं बोलले. "आवाज रोजच येतो. गाडीत बसलो की मागून येतो. दोन घास द्या म्हणते. आधी थांबून बघायचो, मागे जाऊन. कोणी नसायचं. मग ठरवलं, आला तरी बघायचं नाही. आजही वाटलं तीच आहे."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या.  म्हणजे ती आम्हा दोघांकडे जात होती. त्यांच्याकडे दोन घास मागत होती आणि माझ्याकडे अजून एक.

पण आधी कुत्रा. मी डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, थंड काही देऊ नका, कोमट करून चमचा-चमचा द्या. संध्याकाळपर्यंत पोटात काही ठरलं नाही तर दिसेल तो दवाखाना गाठा, अशा कुत्र्यांना कोरडं पडायला वेळ लागत नाही. डबा तर बर्फातला. थोडं पुढे पेट्रोल पंपाशेजारी एक चहावाला होता. त्याच्याकडे पातेलंभर गरम पाणी मागितलं आणि डबा त्यात ठेवला. चहावाल्याने नवाबकडे बघून चुचकारलं आणि बिस्कीट पुढे केलं. मी त्याच्या हातावर अशी झडप घातली की बिस्कीट लांब उडालं.

"अहो बाई, बिस्कीट आहे, विष नाही!"

"याला विषच आहे ते. गहू चालत नाही."

"दूध?"

"नाही."

"अंडं?"

"नाही हो."

"कुत्रा आहे की जावई?" तो म्हणाला. एरवी मी त्याला पुरून उरले असते. त्या दिवशी उत्तर देता देता रडूच आलं. त्याने ओशाळून आणखी गरम पाणी ओतलं.

डबा कोमट झाला. मी नवाबच्या तोंडाशी चमचा नेला. त्याने हुंगलं आणि तोंड फिरवलं. बोटाने जिभेवर ठेवलं, तर बाहेर ढकललं. मी आधी स्वतः खाल्लं, कालवून दिलं, पाणी घालून दिलं, गोडीत सांगितलं, दटावलं. तो माझ्याकडे बघतही नव्हता. तो भाऊजींकडे बघत होता.

"तुम्ही बसा त्याच्यापाशी," मी म्हटलं. "तुम्ही आधी खा. ताई खायची तसं."

"इथे?"

"इथे नाहीतर कुठे? तो उठतोय का?"

"गाडीत नाही खात मी. मागे कोणी असताना..."

"मागे तो आहे!" मी ओरडले. "जिवंत आहे तो, भाऊजी! मागचा जिवंत आहे!"

चहावाला किटली हातात धरून बघत राहिला.  मग भाऊजी एक पाय वर ठेवून आत चढले. एकतीस वर्षांत ते त्या भागात माणूस ठेवायला आणि उतरवायला गेले असतील, बसले कधीच नव्हते. लोखंडी पट्टीवर त्यांना नीट बसताही येईना, गुडघे छातीला टेकले. मी डबा हातात दिला. त्यांनी एक घास उचलला. अर्धा भात शर्टावर सांडला. उरलेला त्यांनी तोंडात घातला आणि चावत राहिले. तेवढा मऊ भात, पण कितीतरी वेळ चावत होते. मग दुसरा घास तळहातावर घेऊन नवाबपुढे धरला.

नवाबने मान उचलली. हुंगलं. एकदा चाटलं. मग त्या तळहातावरचं सगळं खाल्लं.

भाऊजी रडायला लागले. मी त्यांना ताईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. एक घास त्याला, एक स्वतःला, आणि मध्ये शब्द. "तीन दिवस मागत होती गं. मी एक घास दिला नाही. उपाशी गेली. म्हणून थांबलो नाही मी, पोर म्हणाली तरी. तीन दिवस आपणच तिला थांबवलं होतं. आणखी एक रात्र थांब म्हणायला माझी जीभ रेटली नाही."

मी दारात उभी होते. आता बोलले नाही तर हा माणूस हे घेऊनच मरेल, हे मला दिसत होतं. बोलले तर तो काय म्हणेल, हे दिसत नव्हतं. तू मारलंस तिला, असंही म्हणाला असता. 

"ती उपाशी नाही गेली," मी म्हटलं. "तुम्ही औषध आणायला खाली गेलात तेव्हा मी दिलं. तीन चमचे. कोणाला सांगितलं नाही."

त्यांचा हात डब्यात तसाच राहिला.

"त्यानेच काही झालं असेल तर मला माहीत नाही," मी म्हटलं. "दहा महिने मला माहीत नाही."

 नवाबने त्यांच्या मनगटाला नाक लावलं तेव्हा त्यांनी त्याला घास दिला. मग विचारलं, "काय दिलंस?"

"हेच. भात-भोपळा."

"आवडलं का तिला?"

"मीठ नाही म्हणाली," मी म्हटलं. तिने तसं म्हटलं नव्हतं. पण ती म्हणाली असती.

भाऊजींच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. त्यांनी डबा संपवला. नवाबच्या पोटात ते ठरलं. संध्याकाळी सहाच्या डब्याला त्याने उठून शेपूट हलवलं. रात्री एका लॉजवर टेकलो आणि दुसऱ्या दिवशी वेळेच्या वेळी थांबत निघालो. दर वेळी भाऊजी मागे जाऊन त्याच्याबरोबर दोन घास खायचे. आमच्यात त्या विषयावर आणखी एकच वाक्य झालं. "पोरीला तुझं नाव सांगू नकोस," ते म्हणाले. 

दुपारी तिच्या दारात पोहोचलो. भाची बाहेर आली. तिने बापाकडे बघितलंही नाही. खाली बसून नवाबचे कान उलटे करून पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोटावरचे केस बाजूला करून कातडी पाहिली. नवाब तिच्या तोंडावरून जीभ फिरवत होता. तिला दोष सापडेना, त्याचाच तिला राग आला असावा.

"याला वेळेवर दिलंत वाटतं," ती म्हणाली. "आईला तेवढं दिलं नाहीत."

"दिलं होतं," भाऊजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते सरळ उभे होते, लांब हात बाजूला सोडून. "दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. भात आणि भोपळा. डॉक्टरांना न विचारता दिलं मी. त्याने काही झालं असेल तर ते माझ्यावर. पण उपाशी नाही गेली ती."

कालपर्यंत आयुष्यात एकही नियम न मोडलेला माणूस माझा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेऊन उभा होता, आणि तोही पोरीपुढे, जिच्यासाठी त्याने हा दोन दिवसांचा रस्ता केला होता. मला वाटलं, आता ती दार लावून घेईल.

तिने दार लावलं नाही. "किती दिलं?" असं विचारलं.

"तीन चमचे."

"तीनच?" तिचा आवाज लहानपणी फुटायचा तसा फुटला. "बाबा, तीनच का? ती मागत होती ना? चौथा का नाही दिला?"

भाऊजींनी तोंड उघडलं. पण ते तर तिथे नव्हते, त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि मग तीही माझ्याकडे बघायला लागली.

"मी घाबरले," मी म्हटलं. "तिने मागितला होता चौथा. मी झाकण लावलं."

 भाचीने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. कोणी कोणासाठी काय केलं, ते तिला कळत गेलेलं मला दिसलं. मग ती उठली, नाक हाताच्या पाठीने पुसलं आणि दारातून बाजूला झाली.

"आत या दोघं," ती म्हणाली. "जेवला नसाल."